माझा जबडा काचेच्या कपाटात

बुलढाण्याच्या दातांच्या डॉक्टरांनी मला फसवलं. पैशात नव्हे. पैशात मला फसवणारा माणूस अजून आमच्या बैलबाजारात उतरलेला नाही. त्यांनी माझी कुस्ती नेली.

मी धामणगाव बढे गावचा बैलांचा व्यापारी. बापाने मागे एक दावं ठेवलं होतं, त्याला बैल नव्हता. बाकी सगळं मी जिभेवर कमावलं. तरुणपणी कुस्ती खेळायचो. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती, तेव्हा देऊळघाटच्या एका पहिलवानाने जत्रेत मला चीत केलं आणि त्याची झळ बाजारात बसली. मी भाव पाडायला लागलो की समोरचा शेतकरी हळूच विचारायचा, "पाठीची माती झटकली काय पहिलवान?" पुढच्या जत्रेत त्याच गड्याला पाडल्याशिवाय माझ्या शब्दाला वजन येणार नव्हतं.

अशात एका मारक्या बैलाने मान उडवली, ती माझ्या जबड्यावर बसली. दाढ हलली म्हणून बुलढाण्याला गेलो. डॉक्टरांनी दाढ काढली, कुस्तीने चेपलेले माझे कान निरखले आणि म्हणाले, "तुमचा जबडा एका बाजूला सरकलाय. अंगात ताकद आहे, पण ती इथून गळते." मी म्हणजे जणू फुटका माठ.

मग त्यांनी मला हात आडवा धरायला सांगितला. वरून दाब दिला, हात खाली गेला. दातांत कापसाची घडी धरायला लावून पुन्हा दाब दिला, हात जागचा हलेना. मी थक्क. माझ्याच दातांच्या मापाची पट्टी करून देतो, ती चावून धरली की जबडा सरळ आणि ताकद दुप्पट, असं त्यांनी सांगितलं. मी उपरण्याखाली त्यांचा हात ओढला, बैलाचा करतात तसा बोटांनी सौदा केला, भाव निम्म्यावर आणला आणि जिंकल्याच्या ऐटीत खुर्चीत बसलो. घासाघीस करणाऱ्याची हीच खोड. भाव पाडण्याच्या नादात माल हवाय का, हे स्वतःला विचारायचं राहून जातं.

कोमट मेणाचा गोळा तोंडात कोंबून त्यांनी मला चावायला लावलं. त्यावरून प्लास्टरचा जबडा केला आणि त्या जबड्यावर पट्टी, कवळीच्या त्याच गुलाबी मसाल्याची.

पट्टी घेऊन मी माझ्या भागीदाराकडे गेलो. तो गावातलाच मुसलमान व्यापारी, वयाने मोठा. मी त्याला भाई म्हणायचो. हात दाबण्याचा चमत्कार मी त्याला करून दाखवायला लागलो, तेव्हा त्याने एवढंच विचारलं की डॉक्टरांनी हात कुठे दाबला. आठवून पाहिलं. पहिल्यांदा मनगटावर, अचानक. दुसऱ्यांदा कोपराजवळ, सावध करून.

"अन् तू रोज काय करतं बे?" भाई म्हणाला. "इकायच्या बैलाच्या खांद्यावर थाप मारतं. घ्यायचा असला तं कमरंत बोटं रुतवतं. थो दबतोच. आज तुह्याच कमरंत बोटं रुतली."

माझं डोकं भडकलं. पण घेतलेली वस्तू वाया घालवणं माझ्या रक्तात नाही. जत्रेत पट्टी तोंडात घालूनच आखाड्यात उतरलो. तोंडात लाळ साचली, दम कोंडला. सलामीआधीच मी ती काढून कडेला उभ्या भाईच्या मुठीत दिली. गर्दनखेच झाली, मी मांडी लावून ढाकेचा डाव मारला आणि देऊळघाटचा गडी उताणा पडला.

डॉक्टर पुढच्या खुर्च्यांवर वकील आणि साहेब लोकांत बसले होते. ते उठून म्हणाले, "पाहिलंत? जबडा सरळ झाला." साहेबांनी मान हलवली, म्हणजे ते खरंच झालं. हरलेल्या पहिलवानाला तर आधारच मिळाला. मी माणसाशी नाही, पट्टीशी हरलो, असं तो गावभर सांगू लागला. पुन्हा खेळू म्हणून मी त्याला निरोप धाडला, तर म्हणाला, पट्टीवाल्याशी खेळत नाही. बाजारात शेतकरी आता नवीनच विचारू लागले, "आज भाव पट्टी घालून पाडता, का बिनपट्टीनं?" कबड्डीवाल्यांनी पट्ट्या करवल्या. एका वकिलाने केली, म्हणे युक्तिवादाला जोर येतो. ढाक कशी मारली, हे कोणीच विचारलं नाही.

माझं माप घेतलेला प्लास्टरचा जबडा डॉक्टरांनी दवाखान्याच्या काचेच्या कपाटात मांडला. खाली पाटी लावली, 'विजयी पहिलवानाचा जबडा'. मी भाईला साक्षीला घेऊन तिथे गेलो आणि पट्टी त्याच्या मुठीत होती, हे सगळ्या रोग्यांसमोर सांगितलं.

डॉक्टर हसले. "पट्टी काढली तरी वळण राहतं. तुमचा जबडा शिकला होता."

म्हणजे हरलो असतो तर पट्टी नव्हती म्हणून, आणि जिंकलो ते पट्टीने. असा सौदा मला बैलबाजारात एकदा तरी जमला असता, तर जिल्हा विकत घेतला असता. बाहेर पडल्यावर भाई गंभीरपणे म्हणाला, "मुठीत होती खरी. पण म्या मूठ लय जोरानं आवळली होती."

पट्टीने दात वाचतात, हे मला मान्य आहे. डोक्याला डोकं आपटलं तर तिचा उपयोग आहे, आणि तेवढंच सांगून त्यांनी ती विकली असती तर मी हे लिहिलंच नसतं. पण ढाक माझ्या मांडीने मारली. डॉक्टर अजून धडधाकट आहेत, कपाटही जागेवर आहे. त्यांनी बाजाराच्या दिवशी चौकात उभं राहून एकाच प्रश्नाचं उत्तर द्यावं. कुस्तीच्या वेळी पट्टी कोणाच्या तोंडात होती? आणि उत्तर देता येत नसेल, तर माझा जबडा मला परत करावा.