पाचवीआधीचं मूल

बाळंतपणाच्या खोलीत चौदा वर्षं काढल्यावर मला संशोधनाचं काम मिळालं, तेव्हा मी मनातून सुखावले होते. आता हाताला रक्त नाही, फक्त शाई लागणार, असं मी मुरबाडला घरी सगळ्यांना सांगितलं होतं. किती शहाणी होते मी!

अभ्यास तसा साधा होता. बाळंतपणानंतर फार रक्त जाऊ नये म्हणून बाईला एक इंजेक्शन देतात. ते थंड ठेवावं लागतं, आणि आमच्याकडे वीज गेली की फ्रिजचं नुसतं कपाट होतं. थंडाव्याशिवाय टिकणारं दुसरं औषध तितकंच काम करतं का, हे शहरातल्या डॉक्टरांना पाहायचं होतं. हेतू चांगला होता, आजही मी त्याला नावं ठेवणार नाही. फक्त अभ्यासात घ्यायच्या त्या धोका नसलेल्या बायका. आधीच्या बाळंतपणात मुलामागून पडणारी वार अडकली असेल, रक्त फार गेलं असेल, तर तिला घ्यायचं नाही. तिची नोंद वेगळ्या वहीत करून तिला बाळंतपणासाठी मोठ्या रुग्णालयात पाठवायचं. हे ठरत होतं फॉर्मवरच्या सातव्या प्रश्नावर. याआधी किती वेळा दिवस राहिले होते? पुढे एक चौकोन. त्यात शून्य आलं की आधीच्या बाळंतपणाचे प्रश्न विचारायचेच नसत.

माझ्याकडे शहापूर तालुक्यातले डोळखांबच्या बाजूचे पाडे होते. भाताची झोडणी चालू होती तेव्हा मी पाड्यावरच्या आशा सेविकेबरोबर त्यातल्या एका घरी गेले. सुनेला सातवा महिना होता. नवरा कसाऱ्याला रेल्वेच्या कामावर. सासू ओटीवर तांदूळ पाखडत बसली होती. तिने मला पाणी दिलं, आणि मी फॉर्म काढायच्या आधी तिनेच माझी चौकशी सुरू केली.

"तुमाला किती पोरं, सिस्टर?"

"एकच मुलगी. कॉलेजात आहे."

"पोरगा नाय?"

"नाही."

तिने जीभ टाळ्याला लावून हळहळ व्यक्त केली. मग मी संमतीपत्र वाचून दाखवलं. तीन पानं. सून आठवी शिकलेली होती, तिने माझ्याकडून कागद घेऊन पुन्हा स्वतः वाचला आणि नीट अक्षरात सही केली. मला तिचं कौतुक वाटलं.

"कितवी खेप?" मी विचारलं.

"पयलीच," सासू म्हणाली.

 सून सुपातल्या तांदळाकडे बघत राहिली. प्रशिक्षणात आम्हाला शिकवलं होतं की प्रश्न बाईला एकटीला विचारायचा आणि उत्तर आपण तिच्या तोंडात घालायचं नाही. मी सासूच्या देखत विचारलं, "पहिलीच ना गं?"

"हां," ती म्हणाली.

आतल्या खोलीत खाटेवर तिला झोपवून मी पोट तपासलं. मूल छान होतं, ठोकेही चांगले. पण बेंबीच्या खाली, कातडीवर, जुन्या पांढऱ्या पडलेल्या रेषा होत्या. पहिलटकरणीच्या पोटावर रेषा आल्या तर त्या लालसर असतात, ताज्या. पांढऱ्या म्हणजे हे पोट आधी कधीतरी ताणलं गेलेलं. माझा हात तिथेच थांबला. ती आढ्याकडे बघत होती. सासू उंबऱ्यात उभी होती.

आमच्या भागात पाचवी पुजल्याशिवाय मूल घरचं होत नाही. पाचव्या दिवशी सटवाई येते, कपाळावर लिहून जाते. त्याआधी गेलेल्या मुलाचं काही लिहिलेलंच नसतं, म्हणून ते मोजत नाहीत. पुढची खेप चालू असताना तर त्याचा विषयही काढायचा नाही, येणाऱ्याला ते ओढून नेतं म्हणतात. त्यामुळे नंतरची खेप तीच पहिली. सासू खोटं बोलत नव्हती. तिच्या हिशेबाने तिने बरोबर उत्तर दिलं होतं.

हे शहरातल्या डॉक्टरांना माहीत नसणार, त्यांना मी दोष देत नाही. मी मात्र मुरबाडची सून आहे. मुलीच्या आधी मला एक मुलगा झाला होता. तिसऱ्या दिवशी गेला. त्याची झबली सासूबाईंनी कुठे नेली, मी विचारलं नाही. दूध आटायला आठ दिवस लागले, तेवढे दिवस घरात सगळे माझ्याशी पावसापाण्याचं बोलत होते. तेव्हापासून कुणीही विचारलं की मी "एकच मुलगी" असं सांगते. इतकी सवय झालीय की तोंड आपोआप बोलतं.

त्या महिन्यात अभ्यासाच्या ठरलेल्या आकड्याला मला दोन बायका कमी पडत होत्या, हे खरं. नंतर चौकशी समितीपुढे मी तेच कारण दिलं आणि त्यांनी ते लिहून घेतलं. पण खरं कारण ते नव्हतं. सासूला पाणी आणायला आत पाठवून त्या पोरीच्या कानात एक वाक्य विचारणं मला सहज जमलं असतं. मला ते विचारायचं नव्हतं. तो प्रश्न मला कुणी विचारलेला आवडला नसता. मी तिची ओढणी पोटावर सारखी केली, बाहेर आले आणि चौकोनात शून्य लिहिलं.

शिमग्याच्या आधी ती आमच्या आरोग्य केंद्रात बाळंत झाली. भर दुपारी. मुलगी झाली, चांगली खणखणीत रडली. अभ्यासाचं पाकीट फोडून त्यातलं औषध दिलं. अर्धा तास गेला तरी वार पडेना. मग रक्त सुरू झालं. डॉक्टरांनी जे जे करायचं ते सगळं केलं. सलाइन, दुसरं इंजेक्शन, वार हाताने काढायचा प्रयत्न. मी मुठीने तिचं पोट दाबून धरलं होतं, आणि माझ्या चपला चिकटायला लागल्या होत्या.

अँब्युलन्समध्ये मी तिच्या उशाशी होते. तिचे ओठ पांढरे पडले होते, पण शुद्ध होती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "सिस्टर, तवाबी आसाच झाला व्हता."

मी म्हणाले, "बोलू नको गं. पोचतोच आहोत."

महामार्गाला लागलो आणि तिच्या हातातली ताकद गेली. ठाण्याला पोचेपर्यंत मी तो हात सोडला नाही, पण त्याचा तिला काही उपयोग नव्हता.

समिती बसली. औषधाचा दोष नाही असं निघालं, आणि शहरातल्या डॉक्टरांच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. अहवालात एक ओळ होती: 'पात्र नसलेली स्त्री अभ्यासात घेतली गेली.' कुणी घेतली, ते कुठेच नव्हतं. मला समज देऊन कामावर ठेवलं. मला ओरडले असते, हाकलून दिलं असतं तर बरं वाटलं असतं. बसून रडायला एक कारण तरी मिळालं असतं.

तेराव्यानंतर मृत्यूचा फॉर्म भरायला मलाच पाठवलं. त्यातही तो प्रश्न होता. सासू त्याच ओटीवर बसली होती, मांडीवर नात. तिला वाटीतलं दूध गरम करून आणायचं होतं, म्हणून तिने बाळ माझ्या मांडीवर दिलं. हलकं होतं, वरच्या दुधावरचं. झोपेत ओठ हलवत होतं.

ती वाटी घेऊन परत आली तेव्हा मी तो प्रश्न विचारला. 

"व्हता येक," ती म्हणाली. "पोरगा. दोन दिस ऱ्हायला. तवा वार आडकलेली, रगात लय गेला. पाचवी नाय पुजली. आमी तसला मोजत नाय ना, सिस्टर." तिने वाटीतली साय बोटाने बाजूला केली. "माज्यामुलं गेली का गो ती? मी सांगतला आसता तं वाचली आसती?"

मला ती बघवेना. तिचं ओझं थोडं हलकं करावं म्हणून, खरंच त्यासाठीच, मी ते बोलले. वीस वर्षांत पहिल्यांदा.

"तुमचं काही चुकलं नाही. मलाही एक मुलगा झाला होता. तिसऱ्या दिवशी गेला. मीही मोजत नाही."

तिने वाटी खाली ठेवली. माझ्याकडे नीट बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. ती काहीतरी जुळवत होती.

"मंग तुमाला ठावं व्हता," ती म्हणाली, "आमी कसा मोजतो ता."

मग तिने वाकून माझ्या मांडीवरून नात उचलली आणि आत घेऊन गेली.