बाईंनी पाय तीन धरला

‘पाय म्हणजे बावीस सप्तमांश, तीन नव्हे.’ दहावीच्या सराव परीक्षेत दाक्षायणीबाईंनी माझ्या शंकूच्या गणिताखाली लाल पेनाने हे लिहिलं आणि भोपळा दिला. रीत सगळी बरोबर, फक्त पाय तीन धरला होता. तेवढ्यानं काय बिघडतं, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, शंकू जुळत नाही. बाई मूळच्या मैंदर्गीच्या. घरी कानडी, शाळेत मराठी, आणि चूक दोन्ही भाषांत खपवून घेत नसत. मला लई राग आला होता. खोटं कशाला बोलू, तो परवापरवापर्यंत होता.

अक्कलकोट रोडला आमच्या शेळ्या आहेत. त्यातली बांडी म्हणजे माझ्या आईचा, मायाक्काचा, जीव की प्राण. जन्मली तेव्हाच तिची माय गेली, आईनं तिला बाटलीवर वाढवलं. मध्यंतरी तारेत अडकून तिची मांडी फाटली. डॉक्टरांनी टाके घातले, तिनं तोंडानं उसवले. पुन्हा घातले, पुन्हा तेच. आता ही शेवटची खेप, यापुढं कातडी टाका धरणार नाही, गळ्यात नरसाळ्यासारखा शंकू घाला म्हणजे तोंड पोचणार नाही, असं त्यांनी बजावलं. दुकानात मिळाला तो कुत्र्याचा, बांडीला तोकडा. मग मी टॉवेलच्या खोक्याचा पुठ्ठा कापून बांधला. बांडी बाईसाहेबांनी तो खाल्ला.

आई पदरानं डोळे पुसत बसली. शेवटी नाक मुठीत धरून मी बाईंना फोन केला.

बाई आता रिटायर झाल्यात. तरी तासाभरात रिक्षा करून आल्या, सोबत पातळ प्लॅस्टिकचा मोठा तक्ता, खिळा, दोरी आणि लाल मार्कर. बांडीच्या मानेचा घेर मोजला, बारा इंच. मग मला वर्गातल्यासारखं समोर बसवलं. जवळजवळ पूर्ण वर्तुळ घेतलं तर काय होईल? ताट होईल, मान वळणार नाही. चतकोर घेतलं तर? नळकांडं होईल, बिचारीला काही दिसणार नाही. म्हणून अर्धं वर्तुळ. त्याच्या आतल्या कमानीची लांबी म्हणजेच मानेचा घेर. बारा भागिले पाय, पावणेचारच्या थोडं वर, ही आतली त्रिज्या. तिच्यापुढं आणखी दहा इंच, म्हणजे कड नाकाच्या पुढं जाते. जोडाला पट्टी वेगळी सोडून बाईंनी कातर चालवली, कडेला आईनं टॉवेलची चिंधी शिवली. शंकू असा जुळला की मानेभोवती केसभर फट नाही. मी मनातल्या मनात हात जोडले.

दुसरं कुणी असतं तर चहा घेऊन, कौतुक ऐकून निघालं असतं. बाई बांडीसमोर बसून राहिल्या. दुपार कलली तरी उठेनात. मग हळूच म्हणाल्या, “मायाक्का, ही रवंथ का करत नाही?”

आई चमकली. “व्हय की बाई. घास वर याया गळ्याला जागाच न्हाय.”

रवंथ थांबली की शेळीचं पोट फुगतं आणि ती हातची जाते, हे आमच्यात लहान पोरालाही ठाऊक. पण जखमेच्या काळजीत आमचं लक्षच नव्हतं. शेळी न पाळलेल्या बाईंनी ते पाहिलं.

“अय्यो, मी नुसती मान मोजली,” त्या म्हणाल्या, “शेळी मोजलीच नाही.”

झटकन पहिला शंकू उतरवला. उरलेल्या तक्त्यात खिळा रोवला, दोरी हातात घेतली आणि थांबल्या. माझ्याकडं बघितलं.

“ऋतुजा, पाय तीन धर. त्रिज्या किती?”

“चार,” मी म्हटलं.

नवा शंकू चढला. आत बोट जाईल एवढी जागा झाली. आम्ही तिघी टक लावून बसलो. बऱ्याच वेळानं बांडीच्या गळ्यातून एक गोळा वर सरकला आणि तिचा जबडा हलायला लागला. आई बाईंच्या पाया पडायला वाकली, तर बाईंनी तिला मधेच धरून मिठी मारली.

जाताना त्यांनी लाल मार्कर उघडला आणि बांडीच्या शंकूवर बरोबरची मोठी खूण केली. माझ्याकडं बघून केली. टाके काढेपर्यंत बांडी माझे मार्क गळ्यात घालून वस्तीभर हिंडत होती.