कात सुटेपर्यंत

चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता तेव्हाची गोष्ट. गोंडपिपरीत आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या बाईंनी घरात धान साठवायच्या ढोलीमागे एक धामण ठेवून घेतली होती, उंदरांसाठी आपण मांजर ठेवतो तशी. बाई माणसांशी ओरडून बोलायच्या आणि धामणीशी अगदी हळू. त्यांच्याकडचा चहा मी अंगणातच घ्यायचो. आत जायची छाती होत नसे.

एका नागपंचमीला गल्लीतल्या बायका दूध आणि हळदकुंकू घेऊन आल्या. बाई दारात मुसळ आडवं धरून उभ्या राहिल्या.

"आज नाई. तिचे डोळे निळसर झाले, कात टाकून राह्यली ते. हळद फासली तं कात अंगालेच चिकटते."

"देवाले काऊन अडवतेस वं? कोपला म्हणजे?" एक म्हातारी म्हणाली.

"मांगच्या साली तुमच्याच हळदीनं तिच्या डोळ्यावर कात अडकली. आंधळी होऊन पडली होती. तवा कोन आलं होतं?"

बायका बडबडत परतल्या. बाईंनी गोणपाट ओला करून ढोलीमागे अंथरला आणि कात सुटेपर्यंत तो सुकू दिला नाही.

कात डोळ्यांवरच्या पापुद्र्यासकट अख्खी निघाली. लगेच तीच म्हातारी तुकडा मागायला हजर. पेटीत ठेवला की घरात बरकत येते ना! बाईंनी तिच्यादेखत सगळी कात चुलीत घातली.

"जित्या जिवाले तरास देता, आन् टरफल पेटीत ठेवता?"

त्या दिवशी मी चहा आत बसून घेतला. पाय मात्र खाटेवर घेऊन.