देवाच्या नावावर टाकलेला डोंगर

आमचा डोंगर बघायला अजून माणसं येतात. कधी दुसऱ्या तालुक्यातली समिती, कधी कॉलेजची पोरं, कधी जीपमधून उतरलेले साहेब. त्यांना वर नेण्याचं काम माझ्याकडे. मी चर दाखवतो, ऐन-किंजळीच्या झाडांची दाटी दाखवतो, शिमग्यानंतरही वाहता राहिलेला वहाळ दाखवतो. एवढं कसं जमवलंत, असं कुणीतरी विचारतंच. मी सांगतो, लोकांनी ठरवलं आणि लोकांनी पाळलं. पाळलं हे खरं आहे. ठरवलं कसं, ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. एका घराला सोडून.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, कुडपणकडे चढणाऱ्या अंगाला. नव्वदीच्या शेवटी आमच्याकडे पाणलोटाची योजना आली, तेव्हा डोंगर पार बोडका होता. पावसात माती थेट खाचरात उतरायची आणि होळी झाली की बायका हंडे घेऊन खालच्या गावच्या विहिरीवर. चर खणायला, रोपं लावायला कुणाची ना नव्हती. मजुरी मिळणार होती. अडलं ते अटीवर. चराई बंद, कुऱ्हाड बंद. मी गावच्या पाणलोट समितीचा सचिव. महाडला बी.ए. करून परत आलेला आणि मुंबईला न गेलेला मी एकटाच, म्हणून.

कुऱ्हाड बंद म्हणजे राब बंद. भाताची रोपं टाकायच्या जागेवर आम्ही उन्हाळ्यात फांद्या, पाला, शेण अंथरून भाजतो. तो राब. भाजल्याशिवाय रोपं जोर धरत नाहीत, असं आजोबा-पणजोबांपासूनचं गणित. सभेत एक म्हातारा उठून म्हणाला, "राब नाय तं रोपं काय तुझ्या डिग्रीच्या कागदावर टाकू?" सगळे हसले. मीही हसलो. योजनेचे साहेब हसले नाहीत. निघताना जीपपाशी मला म्हणाले, "या महिन्यात ठराव आला नाही तर योजना पलीकडच्या गावाला जाईल. आणि तुमची नेमणूकही."

नेमणूक म्हणजे योजनेतला गावपातळीचा माणूस. पगार थोडा, पण पगार. ती गेली असती तर मलाही मुंबईत कुठल्या तरी कॅन्टीनला चिकटावं लागलं असतं. डोंगराची काळजी मला होती, नाही असं नाही. पण त्या महिन्यात मला जास्त काळजी माझी होती.

मग मला सुचलं, की माणसांनी नको म्हटलेलं देव हो म्हणाला तर? आमच्याकडे मोठं काही ठरवायचं तर कौल लावतात. देवाच्या दगडावर उजवीकडे एक, डावीकडे एक ओली कळी चिकटवायची, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होकार. गुरवकाकांना मी आदल्या दिवशी देवळात एकटं गाठलं. बराच वेळ आडून आडून बोललो. शेवटी तेच कंटाळून म्हणाले, "उजवी पाडायची ना? मग तसा बोल की रे. एवढं पुराण कशाला?"

त्यांनी काय केलं ते मी पाहिलं नाही. डावी कळी जास्त ओली केली असेल. उजवी पडली, वाडीने हात जोडले आणि काकांनी खड्या आवाजात सांगितलं, "डोंगर आता देवाचा. जो कोयता घेऊन चढेल त्याला देव बघून घेईल." हे शेवटचं मी सांगितलं नव्हतं. पण ऐकून मला बरं वाटलं, हेही लिहायला हवं.

राखण्या ठेवायची गरज पडली नाही. लोकांनी राबाच्या फांद्या आपापल्या दुसऱ्या तुकड्यांतून, बांधावरून, परसातून भागवल्या. माझ्या चुलत वहिनींकडे मात्र दुसरा तुकडाच नव्हता. त्यांचा डोंगरउतारावरचा एकुलता एक वरकसाचा तुकडा बंद पट्ट्याच्या मधोमध आला होता. दादा मुंबईला, दोन मुली लहान, शेती सगळी वहिनींच्या अंगावर. त्या माझ्याकडे आल्या. दारातच उभ्या राहिल्या.

"भावजी, माझा तेवढा तुकडा सोडवा. माझंच हाय ना ते?"

मी म्हणालो, "आता देवाचं झालं वहिनी. माझ्या हातात नाही."

किती सहज म्हणालो. मला वाद घालावा लागला नाही, समजवावं लागलं नाही. त्यांनी मान डोलावली आणि गेल्या.

दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांनी भर दुपारी आपल्या तुकड्यातून ऐनाचा एक भारा तोडून आणला. लपवणार कुठे? वाडीच्या डोळ्यांसमोर त्यांचा राब हिरव्या फांद्यांचा होता. आता देव काय करतो, ते बघायला सगळे थांबले. खाचरात भात आवणून झालं आणि मुंबईहून दादाला गाडीत आडवं घालून आणलं. उजवं अंग गेलेलं, बोलणं तोंडातल्या तोंडात. महाडच्या डॉक्टरांनी सांगितलं, रक्तदाब वाढला होता, कधी तपासलाच नाही. हे मी वाडीत चार जणांना सांगितलं. चौघांनीही माझ्याकडे, मी लहान मूल असल्यासारखं बघितलं.

त्या शिमग्याला पालखी घरोघर फिरत वाडीच्या टोकाला आली. वहिनींनी अंगण सारवलं होतं, रांगोळी काढली होती, नारळ आणि निरांजन ताटात घेऊन त्या उंबऱ्यावर उभ्या होत्या. पुढच्या दांडीला माझा खांदा होता. मानकऱ्याने हाताने नुसती खूण केली आणि पालखी त्यांच्या बेड्यापाशी, अंगणाच्या फाटकापाशीच वळली. मी थांबलो असतो तर पालखी तिरकी झाली असती. मी थांबलो नाही.

नंतर दरवर्षी तसंच. वहिनी दरवर्षी सारवायच्या आणि ताट घेऊन उभ्या राहायच्या.

सांगून टाकावं असं मला शंभरदा वाटलं. पण डोंगर उभा होता तो त्या एका कळीवर. मी तोंड उघडलं असतं तर दुसऱ्या दिवशी कोयते वर गेले असते, वहाळ आटला असता, बायका परत खालच्या विहिरीवर. गप्प राहिलो तर एक बाई नवऱ्याचं आजारपण स्वतःच्या पापावर घालून जगत होती. मी मधली वाट काढली. दादाची औषधं महाडहून आणून द्यायचो, माझ्या बांधावरच्या फांद्या त्यांच्या राबाला पोचवायचो. त्या म्हणायच्या, "भावजी, सगळ्यांनी टाकलं, तुम्ही नाय टाकलं." ते ऐकून मी घाईघाईने उठायचो.

असाच एका माघात औषधं घेऊन गेलो. पडवीत दादा खाटेवर, वहिनी खाली बसून भिजवलेले वाल सोलत होत्या. म्हणाल्या, "माझ्यासाठी एकदा कौल लावायला सांगा. काय दिलं म्हणजे सुटेन ते देवाला विचारा. म्हैस देईन." म्हशीच्या दुधावर त्यांचं घर चाललं होतं. तिथे माझ्याने गप्प बसवलं नाही. सगळं सांगितलं. गुरवकाका, कळी, माझी नेमणूक, सगळं.

त्या वाल सोलतच राहिल्या. मग विचारलं, "म्हंजे देव बोललाच नाय?"

"नाही."

"आणि ह्यांना जे झालं ते?"

"रक्तदाब, वहिनी."

खाटेवरून दादा काहीतरी बोलला. मला कळलं नाही, वहिनींना कळलं. "हे म्हणतात, हसू का रडू," त्या म्हणाल्या. मग हातातली सालं सुपात टाकली. "भावजी, या शिमग्याला माझ्या दारात उभं राहून हे सांगा. माझी म्हैस वाचवलीत, आता मला सोडवा."

मी हो म्हणालो. दोन दिवस खरंच सांगणार होतो. तिसऱ्या दिवशी गुरवकाकांच्या मुलाकडे गेलो. काका तोवर वारले होते, देऊळ तो सांभाळायचा. म्हटलं, कौल लावू, वहिनींना माफी मिळाली असं होऊ दे. पालखी थांबेल, डोंगरही राहील. त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "उजवीच ना?"

उजवी पडली. माफी झाली. वाडीला बरंच वाटलं. इतकी वर्षं त्या दारावरून वळताना कुणाला सुख थोडंच होत होतं. मी वहिनींना काही कळवलं नाही. पालखी दारात आली की त्यांना आपोआप कळेल, आनंद होईल, असं मी स्वतःला सांगितलं.

पालखी बेड्यातून आत गेली. अंगण सारवलेलं नव्हतं. दार बंद. मानकरी ओरडला, "गो, बाहेर ये! देवानं माफ केलान तुला!"

दार उघडलं. वहिनींच्या हातात ताट नव्हतं. त्या देवाकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या.

"माफी कसली?" त्या म्हणाल्या. "माझ्या तुकड्यातल्या माझ्या फांद्या मी तोडल्या. भावजी, बोला."

सगळी वाडी माझ्याकडे वळली. खांद्यावर दांडी होती. वर डोंगर होता. माझ्या तोंडात शब्द होते, खोटं वाटेल, पण जुळलेले, तयार होते. कुणीतरी विचारलं, "काय बोलायचं हाय रे?"

मी मागे मान वळवली आणि खालूबाजावाल्यांना म्हणालो, "वाजवा रे."