भासऱ्यांसोबत गाडी पाहायला गेलो तो दिवस

भासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ, यवतमाळच्या शोरूममध्ये मोठी गाडी चालवून पाहायला गेले. जाऊबाईंनी मलाही सोबत नेलं. भासरे गाडी चालवत होते, शेजारी शोरूमचा माणूस, आणि आम्ही दोघी मागे पांढऱ्या सीटवर. आमच्यात सून भासऱ्यांशी बोलत नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते.

नेरच्या रस्त्याला लागल्यावर मला मळमळू लागलं. एसटीत मी खिडकी उघडून बसते. इथे काच कशी उघडायची तेच कळेना. गाडीचा जराही आवाज नव्हता, हळू बोलले असते तरी सगळ्यांना ऐकू गेलं असतं. मी जाऊबाईंचा हात दाबला.

"हो वं, मस्त आहे," त्या म्हणाल्या.

शोरूमचा माणूस सांगत होता, "सीट जपा लागते साहेब, डाग निघत नाही." मी तोंडावर पदर दाबला. घशाशी आलं होतं.

"थांबवा," मी म्हटलं.

भासऱ्यांनी लगेच ब्रेक मारला. मी उतरून रस्त्याच्या कडेला ओकले.

"मले नाही सांगाचं का वं?" जाऊबाई म्हणाल्या.

"हात दाबला ना तुमचा."

भासरे समोर पाहत जाऊबाईंना म्हणाले, "तिले पुढं बस म्हण. पुढं गाडी कमी लागते."

शोरूमचा माणूस मागे गेला. मी दाराला चिकटून भासऱ्यांच्या शेजारी बसले. यवतमाळ येईपर्यंत आम्ही दोघांनीही मान वळवली नाही.