तायडे बाई आणि आईच्या कण्या

दर्यापूरच्या मुलींच्या शाळेत दीपमाला तायडे बाईंनी आम्हाला गृहशास्त्र शिकवलं. पुस्तकात कस्टर्ड होतं, केक होता. ओव्हन मात्र अख्ख्या शाळेत नव्हता. बाई म्हणायच्या, "ते परीक्षेपुरतं पाठ करा. आपण चुलीवर होईल तेच करू." काज, तुरपाई, रफू, ठिगळ यांचे बोटभर नमुने आम्ही जाड वहीत टाचायचो. टाका वाकडा गेला तर बाई रागवत नसत, उसवून परत हातात देत.

शनिवारी शेवटच्या तासाला त्या पिशवीतून मासिक काढायच्या. पुण्याहून टपालानं यायचं. विणकामाचे नमुने, वाचकांची पत्रं, पाककृती. अंक एक आणि आम्ही अठ्ठावीस जणी. म्हणून बाई वाचायच्या आणि आम्ही सुई चालवत ऐकायचो. कोऱ्या अंकाचं पहिलं पान उलगडायचा मान पाळीपाळीनं मिळायचा. माझा नंबर आला की मी आधी कागदाचा वास घ्यायचे.

चौऱ्याण्णव साली मासिकानं पाककृती मागवल्या. बाईंनी विचारलं, "तुमच्या घरी काय होतं?" मी कण्या म्हटलं आणि वर्ग हसला. भरडलेली ज्वारी शिजवून ताकासोबत खायची, ती काय पाहुण्यांपुढे ठेवायची? बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडून कृती लिहून घेतली आणि पाठवली. ती छापून आली. खाली नाव होतं, दीपमाला तायडे, दर्यापूर.

त्या शनिवारी मी अंक मागून घरी नेला आणि आईला वाचून दाखवला. सोमवारी आई कपाशी वेचून परस्पर शाळेत आली.

"बाई, कण्या माह्या हायेत ना? मंग तिथं तुमचं नाव कावून हाय?"

मला मान वर करवेना. बाई मात्र उठल्या, आईला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. "चुकलं माझं, पार्बताबाई. तुमचं नाव मीच कळवायला पाहिजे होतं."

त्यांनी तिथंच मासिकाला पत्र लिहायला घेतलं. दोन महिन्यांनी अंकात छोटी चौकट आली: कण्यांची कृती पार्बताबाई गावंडे यांची आहे. बाईंनी दोन्ही अंकांची एकेक जादा प्रत मागवली आणि ती आईला द्यायला आमच्या घरी आल्या.

"कुठी हाय थे? दाखवा मले," आई म्हणाली. तिला वाचता येत नव्हतं. बाईंनी तिचं बोट धरून एकेका अक्षरावरून फिरवलं. मग दर रविवारी त्या येत राहिल्या. त्या वर्षी आईनं अंगठा सोडला, सही करू लागली.

पुढे शाळेतला विषय बंद झाला, त्या खोलीत संगणक आले. मासिकही बंद पडलं. बाई अकोल्याला जठारपेठेत मुलाकडे, अश्विनकडे राहायला गेल्या. मी अमरावतीला नोकरीला लागले. मागच्या वर्षी आई गेली. तिनं पेटीत जपलेले अंक पाहिले तर वाळवीनं खाल्लेले. मी बाईंना फोन केला.

"ये, माझ्याकडे आहेत," त्या म्हणाल्या.

गेले तर वर्षवार अंक सुतळीनं शिवून ठेवलेले. बाईंनी दोन्ही अंक स्वतःच काढून दिले. मी कृती मोठ्यानं वाचू लागले आणि शेवटी आल्यावर थांबले.

"बाई, यात मीठ नाही."

त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. "खरंच की. कोणाच्याच लक्षात आलं नाही?"

"आईच्या आलं होतं. मी पहिल्यांदा वाचून दाखवलं तेव्हाच म्हणाली होती."

"मग बोलल्या का नाहीत?"

"सांगणार होती. पण तुम्ही तिला खुर्ची दिली. घरी आल्यावर मला म्हणाली, बाईले आता अजून एक पत्र लिहाले नोको लावू."

बाई इतक्या हसल्या, की सून स्वयंपाकघरातून बघायला आली.