हिरव्या नावांच्या फाइली

सोमवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी आमच्या सेंटरच्या फाइलींना कुलूप लागलं. तेव्हापासून माझ्याकडे एवढे किस्से साठलेत, की घरी येताना सिटी बसमध्ये एक सांगायला घेतला तर उतरायचा स्टॉप निघून जातो. ऐकणाऱ्या बायका हसतात. मला हसू येत नाही. त्या कुलपात माझ्या श्रेयाची फाइल आहे.

आमचं सेंटर गंगापूर रोडला. डोक्याला वायरी लावून मेंदूचा आलेख काढतात. रडणारी पोरं धरायची, नंतर केसांतलं जेल धुऊन द्यायचं, हे माझं काम. श्रेया माझी मुलगी, पाच वर्षांची. तिला झटके येतात. मागच्या वर्षी इथेच आलेख चालू असताना तिला झटका आला आणि मशीनने तो अख्खा पकडला. मुंबईच्या डॉक्टरांना तेच रेकॉर्डिंग हवं होतं. ते बघून तिची गोळी बदलायची की नाही, हे ठरणार होतं.

*

कुलूप लावलं कुणाल सरांनी. ते कॉम्प्युटरवाले. म्हणाले, आता टेबलावर नुसती काच राहील. खरा कॉम्प्युटर लांब सर्व्हरवर असेल आणि रोज सकाळी तो नवाकोरा मिळेल. पेशंटच्या फाइलीही कुलपात राहतील.

आमच्या डॉक्टर मॅडमनी स्क्रीनला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. बघता बघता सगळ्या फाइलींची नावं हिरवी झाली, म्हणजे कुलूप लागलं. कुणाल सर म्हणाले, "मॅडम, आता चोर आला तरी हात हलवत परत जाईल."

मॅडमनी सगळ्यांना पेढे दिले. श्रेयाचं नाव हिरवं दिसलं म्हणून मीपण खुशीत एक खाल्ला.

*

आलेख काढणारे आमचे सुनीलभाऊ. सोमवारी त्यांनी हौसेने स्क्रीनवर सप्तशृंगी देवीचा फोटो लावला. मंगळवारी येऊन बघतात तर देवी गायब, आणि एकही फाइल उघडेना. परवानगी नाही, परवानगी नाही, एवढंच येत राहिलं.

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. "ताई, पुसताना काही दाबलंत का?"

"भाऊ, मी काच पुसते. देवी नाही पुसत."

तरी गोष्ट मॅडमपर्यंत गेलीच. केबिनमध्ये बोलावून म्हणाल्या, "रूपाली, खरं सांग, मी रागावणार नाही." हे त्या रागावूनच बोलत होत्या.

दुपारी कुणाल सर आले. सकाळी नवाकोरा कॉम्प्युटर मिळावा म्हणून संध्याकाळी जुना टाकून दिला जातो, असं त्यांनी सांगितलं. फाइली सर्व्हरवर राहतात, पण किल्ली त्या कॉम्प्युटरमध्येच होती. ती देवीच्या फोटोबरोबर गेली.

मॅडम म्हणाल्या, "म्हणजे आपली किल्ली कचऱ्यात गेली?"

"कचऱ्यात नाही मॅडम. रिसेट झाली."

माझी माफी मागायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

*

मग सगळ्यांना बॅकअप आठवला. कुणाल सर मोठ्या आवाजात म्हणाले, "घाबरू नका, मी रविवारीच बॅकअप घ्यायचं ठरवलं होतं."

"घेतलात का?" मॅडमनी विचारलं.

"सोमवारी घेतला. कुलूप लावून झाल्यावर."

म्हणजे तोही कुलपासकट. सुनीलभाऊंनी डोक्याला हात लावला आणि हळूच विचारलं, "सर, किल्लीची दुसरी कॉपी असेल ना कुठेतरी?"

"केली होती की. पटकन सापडावी म्हणून त्याच कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर समोर ठेवली होती."

*

चांदवडहून एक आजोबा नातवाची फाइल न्यायला आले. त्यांना तीन वेळा समजावलं. शेवटी ते काउंटरवर हात ठेवून उभेच राहिले.

"पोराचं डोकं आमचं, अन् परवानगी नाय आमालाच? माझा भाचा कपाटं कापतो. ग्राइंडर घेऊन येऊ द्या का त्याला? लय पटकन काम करतो."

कुणाल सरांनी ते खरंच मनावर घेतलं. "बाबा, हे कुलूप जगातला कुठलाच कॉम्प्युटर फोडू शकत नाही."

"मंग ते बँकेत बसवायचं. इथं कशाला बसवलं? आमच्या नातवाच्या डोक्यात कोण चोरी करणार हाय?"

*

मॅडम मनाने वाईट नाहीत. मला बसवून चहा दिला. म्हणाल्या, "टेन्शन घेऊ नकोस. श्रेयाचा नवीन आलेख काढू. तुझ्याकडून पैसे घेणार नाही."

मी कप तसाच खाली ठेवला. "मॅडम, जुन्यात झटका पकडला होता. आता नवीन काढायचा म्हणजे काय करू? पोरीला वायरी लावून बसवू आणि झटका ये म्हणून वाट बघू? नवस बोलू का त्यासाठी?"

"अगं, तसं नाही म्हणायचं मला."

"मग कसं म्हणायचंय?"

चहावर साय धरली. मी बाहेर येऊन दुसऱ्याच्या पोराचे केस धुतले.

*

शेवटी श्रेयाला घेऊन मी आणि नवरा रिकाम्या हातानेच मुंबईला गेलो. डॉक्टर वयस्कर होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मोबाइलवर व्हिडिओ तरी आहे का झटक्याचा?"

"डॉक्टर, त्या वेळी पोरीला धरू का मोबाइल?"

त्यांनी मान हलवली. म्हणाले, "मग तुम्हीच करून दाखवा. सुरुवात कुठून होते, मान कुठे वळते, हात कुठला ताठ होतो. जसंच्या तसं. लाजू नका."

नवरा खाली बघायला लागला. मी ओढणी बाजूला ठेवली. डोळे वर नेले, मान डावीकडे खेचली, तोंड वाकडं केलं, उजवा हात ताठ करून थडथड हलवत खुर्चीवरून घसरले. डॉक्टर लिहीत होते. मधेच म्हणाले, "पाय?" मी पायही दाखवले.

श्रेयाने स्वतःचा झटका कधी पाहिलेलाच नाही. ती खुदकन हसली, टाळ्या वाजवल्या आणि म्हणाली, "आई, परत कर ना."

डॉक्टर म्हणाले, "हो, एकदा परत करा."

मी परत केलं.

तुमच्या ओळखीत कुणाच्या लेकराचा आलेख काढलेला असेल, तर त्या आईला सांगा. आजच सेंटरला जा, रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर मागून घ्या, आणि ते उघडतंय हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय काउंटरवरून हलू नका.